सोरायसिस : एका रोगाची ओळख पटली त्याची हकीकत



रोगांचा इतिहास म्हटला की प्लेग, पटकी, देवी असे मोठे संहार आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. ज्या रोगाने गावे ओस पडली त्याचा इतिहास लिहिला जातो. ज्या रोगाने माणूस सहसा मरत नाही, पण आपल्याच घरात परका होतो, त्याचा इतिहास कोणी फारसा सांगत नाही. सोरायसिस हा अशा रोगांपैकी एक होय. जगात दहा कोटींहून अधिक माणसे या रोगाने पीडित आहेत असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते. म्हणजे आज या मंडपात जी मंडळी बसली आहेत त्यांतही दोन-चार जण पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसलेले असतील, आणि तो सदरा केवळ आवडीमुळे घातलेला नसेल.

मी वैद्यकाचा पदवीधर नाही. कामगार संघटनेत आयुष्य गेलेला माणूस आहे. परंतु कामावरून काढलेल्या, बाजूला बसवलेल्या माणसांची गाऱ्हाणी ऐकताना हा रोग मला वारंवार भेटला. म्हणून त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो आणि जाणत्या डॉक्टरांना विचारीत गेलो. त्या वाचनातून जी हकीकत हाती आली ती आज आपल्यापुढे ठेवतो. तिचे दोन भाग आहेत. हा रोग ओळखायला माणसाला दोन हजार वर्षे का लागली, हा पहिला. आणि त्यावरची औषधे कोठून कोठून आली, हा दुसरा. दुसऱ्या भागात गोवा येतो, बावचीचे बी येते आणि मुंबईच्या गिरणीतल्या बायाही येतात.

प्रथम नावाचा घोळ पाहू. ग्रीक भाषेत ‘लेपिस’ म्हणजे खवला. त्यावरून अंगाला खवले धरणाऱ्या रोगांना ग्रीक वैद्य ‘लेप्रा’ म्हणत. ‘सोरा’ म्हणजे खाज. दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याने ‘सोरायसिस’ हा शब्द वापरला खरा, पण तो पापण्यांच्या कडांना होणाऱ्या खाजऱ्या विकारासाठी. आज आपण ज्याला सोरायसिस म्हणतो तो बहुधा ‘लेप्रा’ या गाठोड्यात पडत असावा. येथपर्यंत फारसे बिघडले नव्हते. बिघडले ते भाषांतरात. यहुदी धर्मग्रंथांत त्वचेच्या एका अशुद्ध अवस्थेसाठी एक हिब्रू शब्द आहे. ग्रंथाचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी त्या जागी ‘लेप्रा’ हा शब्द घातला. पुढे अकराव्या शतकात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आले तेव्हा महारोगाच्या अरबी नावासाठीही हाच शब्द वापरला गेला. अशा रीतीने साधे खवले, धर्मशास्त्रातील अशुद्धता आणि खरा महारोग या तीन गोष्टी एकाच नावाखाली आल्या.

याचा परिणाम रोग्यांना भोगावा लागला. ११७९ साली रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने महारोग्यांसाठी वेगळी प्रार्थनामंदिरे व वेगळी दफनभूमी सांगितली. युरोपभर गावाबाहेर त्यांची आश्रयस्थाने होती. तेथे पाठवण्याआधी जी तपासणी होई ती पुष्कळदा धर्मगुरू किंवा गावचे पंच करीत. त्यांना दिसत होते ते खवले आणि चट्टे. अशा तपासणीतून कित्येक सोरायसिसचे रोगी महारोगी ठरून गावाबाहेर गेले असावेत, असे अभ्यासक मानतात.

आपल्याकडेही शब्दाचा प्रवास काहीसा असाच झाला. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. तेथे ‘कुष्ठ’ म्हणजे त्वचा विद्रूप करणाऱ्या विकारांचा मोठा वर्ग. त्यातील क्षुद्रकुष्ठांपैकी ‘एककुष्ठा’चे वर्णन असे की घाम येत नाही, विस्तार मोठा असतो आणि कातडी माशाच्या खवल्यांसारखी दिसते. ‘किटिभ’ हे सावळे, खरखरीत आणि जुन्या व्रणासारखे स्पर्शाला कठीण. आजचे वैद्य सोरायसिसचा विचार या दोहोंच्या अनुषंगाने करतात. म्हणजे प्राचीनांची नजर बारीक होती. पण व्यवहारात ‘कुष्ठ’ हा शब्द आकसत आकसत महारोगापुरता उरला, आणि अठरा प्रकारांतला भेद पोथीत राहिला. जे ग्रीकांच्या ‘लेप्रा’चे झाले तेच आपल्या ‘कुष्ठा’चे झाले. व्यापक शब्द अरुंद झाला, आणि अरुंद होताना भीती मात्र सगळ्यांवर पसरवून गेला.

हा गुंता सोडवण्याचे काम लंडनच्या रॉबर्ट विलन या डॉक्टराने हाती घेतले. १७८३ पासून वीस वर्षे तो केरी स्ट्रीटवरील सार्वजनिक दवाखान्यात गरिबांना तपासत असे. श्रीमंतांची कातडी कपड्याखाली झाकलेली असते. गरिबाच्या दवाखान्यात एका दिवसात जेवढे त्वचारोग दिसतील तेवढे दरबारी वैद्याला वर्षात दिसत नाहीत. विलनने ठरवले की कारणांच्या कल्पना बाजूला ठेवायच्या आणि जे डोळ्यांना दिसते त्याची शिस्तवार वर्गवारी करायची. पुळी कोणती, फोड कोणता, डाग कोणता, खवला कोणता, असे त्याने आठ वर्ग केले. १८०८ साली त्याचा त्वचारोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सोरायसिसचे वर्णन आजच्या डॉक्टरलाही ओळखू येईल इतके नेमके आहे. पण एक उणीव राहिली. गोल चट्ट्यांच्या प्रकाराला त्याने ‘लेप्रा’ हेच जुने नाव ठेवले आणि इतर प्रकारांना सोरायसिस म्हटले. रोग एक, नावे दोन. आणि त्यांतले एक नाव भयंकर.

ते नाव काढून टाकले व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी. तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात त्वचारोग्यांचा विभाग ते पाहत. विलनचे दोन्ही प्रकार एकाच रोगाची रूपे आहेत आणि महारोगाशी त्यांचा काही संबंध नाही, असे त्यांनी १८४१ साली स्पष्ट केले. पुढे १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन यांना महारोगाचे जंतू दिसले. एका रोगाला जंतू आहे, दुसऱ्याला नाही. एक फार सावकाश का होईना पसरू शकतो, दुसरा मुळीच पसरत नाही. विद्येच्या जगात प्रश्न मिटला.

विद्येच्या जगात मिटलेला प्रश्न रस्त्यावर मिटतोच असे नाही. हिंदुस्थान सरकारने १८९८ साली महारोग्यांविषयीचा कायदा केला. ज्या भागात तो लागू होई तेथे भिक्षा मागणाऱ्या निराधार महारोग्याला पोलीस वॉरंटाशिवाय धरू शकत. अन्न व कपडे विकणे, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेणे, भाड्याच्या गाडीत बसणे, यांवर बंदी घालता येत असे. हा कायदा संसदेने २०१६ साली रद्द केला. म्हणजे स्वराज्य आल्यानंतरही तो एकोणसत्तर वर्षे कागदावर होता. महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून वैयक्तिक कायद्यांतून गेले ते २०१९ साली. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सोरायसिस म्हणजे महारोग नव्हे, असे म्हणताना महारोग्याला दूर लोटणे योग्य होते, असा अर्थ कोणी घेऊ नये. १९८२ पासून महारोगावर अनेक औषधांचा एकत्रित उपचार आहे, त्याने तो पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच त्याचा संसर्ग थांबतो. अन्याय दोघांवरही झाला. मात्र सोरायसिसच्या रोग्याचे दुहेरी नुकसान असे की चुकीच्या नावामुळे त्याला ना धड सहानुभूती मिळाली, ना धड औषध.

आता हा रोग ओळखायचा कसा ते पाहू. आपल्या कातडीचा वरचा थर सतत नवा होत असतो. खाली तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकते. माल तयार होतो पण पक्का होत नाही, आणि कच्च्या मालाची रास वर साचते. ती रास म्हणजे खवले. चट्ट्याची कड स्पष्ट असते. बोट फिरवले तर कोठे सुरू झाला आणि कोठे संपला ते कळते. वर अभ्रकासारखा पांढरा, चंदेरी पापुद्रा असतो, आणि तो खरवडला तर मेणबत्ती खरवडल्यासारखा चुरा पडतो. सगळा पापुद्रा काढला तर खाली रक्ताचे बारीक थेंब दिसतात. डॉक्टर या खुणेला ऑस्पिट्झची खूण म्हणतात. घरी मात्र ही परीक्षा कोणी करू नये. गोऱ्या माणसाचा चट्टा लालभडक दिसतो. पुस्तकांतली चित्रे बहुतेक त्यांचीच असतात. आपल्या सावळ्या वर्णावर तो तपकिरी, जांभळट किंवा करडा दिसतो, आणि म्हणून पुष्कळदा ओळखायचा राहून जातो.

चट्ट्यांच्या जागा ठरलेल्या असतात : कोपर, गुडघे, डोके, कमरेचा खालचा भाग. डोक्यातला सोरायसिस कोंडा म्हणून वर्षानुवर्षे तेल-शांपूवर काढला जातो. पण तो केसांची हद्द ओलांडून कपाळावर किंवा कानामागे उतरला की संशय घ्यावा. नखे जरूर पाहावीत. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे टाचणीच्या टोकाएवढे खळगे नखांवर असतील, नख पिवळट होऊन बोटापासून सुटत असेल, तर तो मोठा पुरावा. मुलांना घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंब शिंपडल्यासारखे बारीक चट्टे उठतात, तेही याचेच एक रूप होय.

शेजारच्या रोगांपासून वेगळेपणही ध्यानात ठेवावे. गजकर्णाचा चट्टा कडेने वाढतो आणि मध्ये निवळतो, म्हणून कड्यासारखा दिसतो. इसबाची कड पुसट असते आणि ते पुष्कळदा पाझरते. महारोगाच्या चट्ट्याला बहुधा बधिरता असते. कापसाचा स्पर्श किंवा गरम-थंड कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्याला सगळे कळते. खाज कळते, आग कळते, आणि लोकांच्या नजराही कळतात. संशय राहिला तर कातडीचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निर्णय करता येतो.

हा रोग कातडीवरच थांबतो असेही नाही. दर चार-पाच रोग्यांमागे सुमारे एकाचे सांधे धरतात. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली असतात, एखादे बोट सगळेच्या सगळे सुजते, टाच दुखते. या सांधेदुखीला स्वतंत्र रोग म्हणून अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने मान्यता दिली ती १९६४ साली. उपचाराला उशीर झाला तर सांधा कायमचा वाकडा होतो. हातावर पोट असलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको.

कष्टकऱ्यांशी संबंध असलेली आणखी एक खूण आहे. ब्रेस्लाऊ येथील हाइनरिख कोब्नर यांनी १८७२ साली एका रोग्याची हकीकत सांगितली. त्याला जेथे घोडा चावला होता आणि जेथे त्याने गोंदवून घेतले होते, नेमके तेथे सोरायसिसचे चट्टे उठले. ज्याच्या अंगात हा रोग आहे त्याच्या कातडीला कोठे इजा झाली, खरचटले, भाजले, सतत घासले, की तेथे चट्टा उठू शकतो. आता हमालाचा खांदा, हातोडा धरणाऱ्याचा तळवा, दिवसभर बूट घातलेल्या पहारेकऱ्याचे पाऊल आठवा. काम रोग देत नाही. रोगाची प्रवृत्ती बऱ्याच अंशी वंशातून येते. पण रोग कोठे फुटावा हे काम पुष्कळदा ठरवते. म्हणूनच अशा माणसाला हातमोजे देणे, घर्षणाचे काम बदलून देणे, हे उपकार नसून उपचाराचाच भाग होय.

एका कारखान्याच्या उपाहारगृहातील प्रसंग सांगतो. तेथे पोळ्या लाटणाऱ्या एका मावशींच्या कोपरांवर चट्टे दिसले. कोणी तरी म्हणाले, महारोग आहे. दुसऱ्या दिवशी कामगारांनीच जेवणावर बहिष्कार टाकला, आणि व्यवस्थापनाने मावशींना बिनपगारी घरी बसवले. बहिष्कार टाकणारे आमच्याच संघटनेचे सभासद होते, तेव्हा मालकाच्या नावाने शंख करून भागण्यासारखे नव्हते. मावशींना त्वचारोगतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी कापसाचा बोळा फिरवला, नखे पाहिली, डोके पाहिले आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या : सोरायसिस आहे, कोणत्याही प्रकारे संसर्गजन्य नाही. ती चिठ्ठी आम्ही फलकावर लावली नाही, कारण रोग हा ज्याचा त्याचा खाजगी विषय आहे. मावशींच्या संमतीने डॉक्टरांनाच जेवणाच्या सुटीत बोलावले. ते बोलले, आणि मग मावशींनी लाटलेली पोळी सर्वांसमोर बसून खाल्ली. तीन आठवड्यांचा पगार मिळवायला मात्र आणखी चार महिने लागले.

आता औषधांची कहाणी. एकोणिसाव्या शतकात सोरायसिसवर मुख्य औषध होते सोमल. फाउलर नावाच्या इंग्रज डॉक्टराने १७८६ साली सोमलाचे एक द्रावण प्रचारात आणले आणि पुढे ते त्वचारोगांवर सर्रास पोटात दिले जाऊ लागले. चट्टे काही काळ निवळत. परंतु वर्षानुवर्षे सोमल घेणाऱ्यांच्या तळहातांवर घट्टे उठतात आणि पुढे कातडीचा कर्करोग होतो, हे जोनाथन हचिन्सन यांनी १८८०च्या दशकात दाखवून दिले. चट्टा गेला म्हणजे औषध चांगले, ही समजूत किती महाग पडते याचा हा जुना धडा आहे.

दुसरे औषध आपल्या किनाऱ्यावरून गेले. गोव्यात आणि मुंबईत गजकर्णावर एक पिवळट तपकिरी भुकटी लावीत. तिला ‘गोवा पावडर’ म्हणत. केंप नावाच्या मुंबईच्या औषधविक्रेत्याने १८६४ साली तिच्याकडे इंग्लंडच्या औषधशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. ही भुकटी गोव्याच्या कोणत्या झाडाची, याचा शोध सुरू झाला. आणि उत्तर निघाले की ती गोव्याची नव्हेच. १८७४ साली कलकत्त्याच्या जोझेफ फेरर यांनी तिच्याविषयी लिहिले. ते वाचून ब्राझीलमधील बाहिया येथील दा सिल्व्हा लिमा या डॉक्टरांनी ओळखले की ही तर आमच्याकडील ‘अरारोबा’. ते झाड तोडून, बुंधा फोडून, आतल्या पोकळ्यांत साठलेली भुकटी खरवडून काढतात. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती गोव्यात आली, गोव्याचे नाव घेऊन मुंबईत आली आणि मुंबईहून लंडनला गेली. लंडनच्या बाल्मानो स्क्वायर यांनी तिच्यातील द्रव्याचे मलम सोरायसिसवर वापरून १८७८ साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली. मलम गुणकारी ठरले, पण कपडे डागळत आणि कातडी पोळत असे. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल जर्मनीत पोहोचेना, तेव्हा तेथील रसायनशास्त्रज्ञांनी तिच्या धर्तीवर कृत्रिम द्रव्य तयार केले आणि १९१६ साली ते सोरायसिसवर वापरात आले. डिथ्रॅनॉल या नावाने ते पुढे शंभर वर्षे टिकले. ब्राझीलच्या जंगलात भुकटी खरवडणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही पुस्तकात नाही.

तिसरी वाट उजेडाची. उन्हाने चट्टे निवळतात हे लोकांना ठाऊक होते. १९२५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या गोकरमन यांनी दगडी कोळशाचे डांबर लावून वर कृत्रिम अतिनील प्रकाश देण्याची पद्धत सुरू केली. पुढच्या पायरीत आपली बावची आली. बावचीचे बी आयुर्वेदात कोडावर वापरतात. त्यातील सोरालेन हे द्रव्य म्हैसूरच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३३ साली वेगळे केले. १९४०च्या दशकात इजिप्तमध्ये एका निराळ्या वनस्पतीतून त्याच जातीचे द्रव्य काढून कोडावर वापरले गेले. आणि १९७४ साली हार्वर्डच्या चार शास्त्रज्ञांनी या द्रव्याची गोळी देऊन वर अतिनील प्रकाश दिला तर सोरायसिसचे चट्टे जातात असे दाखवले. त्या चौघांत मधू पाठक हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते. फार दिवस हा उपचार घेतल्यास कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे पुढे दिसून आले. म्हणून आता बहुधा गोळीशिवाय, ३११ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा निवडक प्रकाश आठवड्यातून दोन-तीनदा देतात. यावरून कोणी बावचीचे तेल लावून उन्हात बसू नये. प्रमाण चुकले तर कातडी भाजते.

चौथी कहाणी मला सर्वांत जवळची वाटते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणी एक विचित्र पंडुरोग होई आणि त्यात पुष्कळ जणी दगावत. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केले, बायांचे जेवण तपासले, रक्त तपासले, माकडांवर प्रयोग केले. मद्याच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा स्वस्त अर्क दिला तर या बाया झपाट्याने बऱ्या होतात, असे त्यांना दिसले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला काही काळ ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ साली अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक ॲसिड म्हणू लागले. काही वर्षांतच लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या बनवला गेला. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

रक्ताला वाढायला फोलिक ॲसिड लागते, तर वेडीवाकडी वाढ रोखायला त्याचाच विरोधक का वापरू नये? या विचारातून ॲमिनोप्टेरीन हे औषध निघाले. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिले आणि १९४८ साली त्याचे परिणाम जाहीर केले. १९५१ साली न्यूयॉर्कचे गुब्नर संधिवाताच्या रोग्यांना हेच औषध देत असता एका रोग्याचा सोरायसिसही निवळलेला त्यांना दिसला. १९५८ साली त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट सोरायसिसवर वापरले गेले, आणि आजही तीव्र सोरायसिसवर जगभर ते दिले जाते. ते स्वस्त आहे, आपल्या सरकारी रुग्णालयांत मिळते. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फोलिक ॲसिडची गोळी देतात, म्हणजे गिरणीतल्या बायांना तारणारे द्रव्य येथेही कामी येते. त्या बायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ज्यांच्या रक्तातून हे ज्ञान निघाले त्या मुंबईच्या कामकरी स्त्रिया होत्या, एवढे तरी आपल्या शहराने लक्षात ठेवावे.

मेथोट्रेक्सेटविषयी एक गोष्ट कानात साठवून न्यावी. सोरायसिसवर हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. रोज घेतले तर जीव जातो, आणि असे अपघात घडले आहेत. ठरलेला वार कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावा. गरोदर स्त्रीने ते मुळीच घेऊ नये. घेणाऱ्याने दारू वर्ज्य करावी आणि रक्ताची तपासणी चुकवू नये.

१९५२ साली स्टेरॉइडचे मलम आले आणि उपचार सोपा वाटू लागला. जाणत्याच्या हाती ते उत्तम साधन आहे. आपल्याकडे मात्र ते विनाचिठ्ठीचे मलम झाले. गजकर्णाला तेच, गोरेपणाला तेच, सोरायसिसला तेच. २०१८ साली अशा अनेक मलमांवर चिठ्ठीची सक्ती झाली, तरी सवय गेलेली नाही. त्याहून घातक म्हणजे पोटात घेतलेली स्टेरॉइडची गोळी. ती अचानक थांबवली की सोरायसिस अंगभर उसळतो, पू भरल्यासारख्या पुळ्या उठतात, आणि रोगी रुग्णालयात जातो. ‘शंभर टक्के कायमचा बरा’ अशी जाहिरात करून बिनानावाच्या पुड्या विकणाऱ्यांच्या पुड्यांत पुष्कळदा हेच असते.

१९७९ साली आणखी एक गोष्ट उमगली. प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन हे औषध दिलेल्या रोग्यांचा सोरायसिस निवळला. तेव्हा कळले की दोष केवळ कातडीत नाही; शरीराचे रक्षण करणारी फौजच कातडीवर चालून जाते. त्या फौजेचे निरोप नेमके अडवणारी इंजेक्शने या शतकात आली. २०१३ साली बंगलोरमध्ये घडवलेल्या इटोलिझुमॅबला सोरायसिससाठी परवानगी मिळाली. २०१४ साली अहमदाबादच्या कंपनीने अडालिमुमॅबची स्वदेशी आवृत्ती परदेशी मालाच्या सुमारे एक पंचमांश किमतीत आणली. गुण मोठा आहे, पण किंमत अजूनही कामगाराच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय यांतील काही औषधांनी दबलेला क्षय जागा होतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी आवश्यक ठरते. दाट वस्तीत राहणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

२०१४ साली जागतिक आरोग्य सभेने ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य व वेदनादायक रोग असल्याचे मान्य केले. तो समूळ जात नाही, हेही त्या ठरावात आहे. हे ऐकून कोणी खचू नये. मधुमेहही समूळ जात नाही. माणूस त्याला आवरून सत्तर वर्षे जगतो. तेल किंवा व्हॅसलीन लावून कातडी मऊ ठेवणे, खपली न ओरबाडणे, तंबाखू व दारू सोडणे, वजन आटोक्यात ठेवणे, आणि सांधे दुखू लागताच डॉक्टरांना सांगणे, एवढे रोग्याच्या हाती आहे.

बाकीचे आपल्या हाती आहे. त्याच्या हातचे पाणी प्यावे, त्याच्या शेजारी बसावे, न्हाव्याने त्याचे केस कापावेत, शाळेने त्याच्या मुलाला पुढच्या बाकावर बसू द्यावे. कारखान्यातून कोणाला रोगाच्या नावाने घरी बसवले तर संघटनेच्या प्रतिनिधीने पहिला प्रश्न विचारावा : निदान कोणी केले, आणि ते कागदावर कोठे आहे? महाराष्ट्रातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोगाचा विभाग आहे. तेथे जाऊन ती दोन ओळींची चिठ्ठी आणावी. मावशींचे काम अशाच चिठ्ठीने परत मिळाले.